निपाणी स्टँडवरचं खोटं यंत्र

मित्रांनो, ‘मी एक जुनं यंत्र आहे’ असं छाती पुढे काढून सांगता आलं असतं, तर मला किती बरं वाटलं असतं! पण यंत्र असल्याचं माझं सोंग एकदा भर स्टँडवर उघडं पडलेलं आहे. तेव्हा आता खरं तेच सांगतो. मी एक खोका आहे. लाकडी, राखाडी रंगाचा, पुढून काच लावलेला आणि आतून पोकळ. स्वभावानं जरा मत्सरी आहे, हेही आधीच सांगून टाकतो. पुढे तुमच्या ते ध्यानात येईलच.

एकोणीसशे शहाऐंशी साली बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला. तो बेंगळूरहून ट्रकमधून आला, आणि ज्या पेटाऱ्यातून आला त्या पेटाऱ्याच्या फळ्या म्हणजे मी. म्हणजे आम्ही दोघं एकाच ट्रकनं आलो. वाटेतला एकेक खड्डा मी माझ्या अंगावर घेतला, त्याला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. आणि कॉलेजच्या दारात उतरल्यावर काय झालं? त्याच्यासाठी नारळ फुटला आणि माझे खिळे उपटले गेले. त्याला हळदकुंकू लागलं. मला व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं.

त्याच्या खोलीत गार हवेचं यंत्र होतं. रात्रीचं त्याच्यावर निळ्या मखमलीचं पांघरूण पडे. खोलीत शिरताना विभागप्रमुख जिनदत्त सरसुद्धा चपला बाहेर काढत. त्या कुठे काढत, सांगू? माझ्या पायथ्याशी. त्याचं वैभव मी असं वर्षभर चपलांच्या वासातून पाहिलं.

जिनदत्त सर मनानं वाईट नव्हते. त्यांना कॉम्प्युटरचं वेड होतं, एवढंच. या कॉम्प्युटरचा लोकांना उपयोग झाला पाहिजे, असं त्यांना फार वाटे. निपाणीच्या बसस्टँडवर एक चौकशीचं यंत्र बसवायचं त्यांनी ठरवलं. प्रवाशानं बटण दाबायचं आणि कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर लागेल, ते यंत्रानं सांगायचं. काम त्यांनी चंदनाबाईंवर सोपवलं.

चंदनाबाई त्याच विभागात नव्यानं शिकवायला लागल्या होत्या. त्या निपाणीच्याच, तंबाखूच्या व्यापारी घरातल्या. घरात मराठी आणि वखारीत कन्नड ऐकत त्या मोठ्या झाल्या. त्या सरांना म्हणाल्या, “सर, यंत्र करायच्या आधी लोक ते कसं वापरतात, बघू या का?”

“यंत्र करायच्या आधी ते वापरतील कसं?” सर हसले.

“यंत्र आहे असं सोंग करायचं. बटणं खरी, काच खरी. आत मात्र माणूस बसवायचा. लोक कुठं अडतात ते कळलं की मग खरं यंत्र करायचं.”

“आपण काय नाटक कंपनी काढलीय, बाई?”

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. चंदनाबाई व्हरांड्यात आल्या, सरांच्या चपला बाजूला सारल्या आणि माझ्या फळीवर बोटानं टकटक करून पाहिलं. माझ्याकडे मुद्दाम बघणारं ते पहिलं माणूस.

बेळगावच्याच शहापुरात हातमागांच्या खटखटाटात देवाप्पा सुताराचं दुकान होतं. तिथं माझा दुसरा जन्म झाला. देवाप्पानं मला माणूस बसेल एवढ्या कपाटाचा आकार दिला. पुढे काच बसवली, काचेखाली दारावरच्या घंटीची असतात तशी बटणं लावली, मागे छोटं दार ठेवलं. माझ्या अंगावर ‘ही बाजू वर’ असं सांगणारा एक बाण छापलेला होता, तो त्यानं रंगाखाली घालवला. रंग कुठला द्यायचा, असं त्यानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “राखाडी. आमच्या कॉम्प्युटरसारखा.” मला आनंद व्हावा की राग यावा, ते कळेना. माझा रंगसुद्धा त्याचा!

निपाणी स्टँडवर मला चौकशीच्या खिडकीशेजारी उभं केलं. आणि आत बसायला आला सत्याप्पा.

मित्रांनो, हा सत्याप्पा कोण ते नीट सांगायला हवं, कारण माझी गोष्ट ही खरं तर त्याची गोष्ट आहे. तो त्या स्टँडवरचा चौकशी कारकून. त्याच्या घराण्यात त्याच्याआधी सगळ्यांनी वखारीत तंबाखूची बोदं, म्हणजे भले मोठे गठ्ठे, उचललेली. खुर्चीवर बसून पगार घेणारा हा पहिलाच. गाड्यांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं, पण जिभेला अळणी शब्द ठाऊक नव्हता. “बोर्ड दिसत न्हाय व्हय?”, “किती बार सांगायचं?”, “मी काय गाडी खिशात घालून बसलोय?” अशी त्याची उत्तरं. खिडकीपुढे दिवसभर धक्काबुक्की चाले, तोही चिडे, लोकही चिडत. स्टँडवर त्याला सगळे ‘मिरची’ म्हणत, आणि ते त्याला माहीत होतं.

आतली व्यवस्था साधी होती. बाहेर कुणी बटण दाबलं की आत त्या गावाचा बारका दिवा लागे. सत्याप्पा त्या गावाच्या खणातला पुठ्ठा काढून काचेमागे सरकवी. पुठ्ठ्यावर गाडीची वेळ आणि फलाट, मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन्ही भाषा शेजारी शेजारी; एक वर आणि एक खाली नको, यावर बाई ठाम होत्या. आत माणूस आहे हे कुणालाही सांगायचं नाही, असं त्यांनी सत्याप्पाला बजावलं. खिडकीवर ‘बंद’ची पाटी लागली. बाई स्वतः समोरच्या बाकावर पिशवी घेऊन, जणू गाडीची वाट बघत असल्यासारख्या बसत आणि लोकांकडे पाहत.

पहिल्या दिवशी माझी शोभाच झाली. लोक बटण दाबायचं सोडून काचेवरच बोट ठेवत. कुणी माझ्या काचेला तोंड लावून ओरडे, “ए, कागलला गाडी हाय काय रं?” एकदा दाबून लगेच पुठ्ठा आला नाही की लोक ठोसे मारत, आत सत्याप्पा शोधतोय हे त्यांना कुठं ठाऊक? डोक्यावर बोचकं असलेल्या बायांना खाली वाकता येईना, त्या तशाच निघून जात. दुपारच्या उन्हात काच अशी चमके की पुठ्ठा दिसतच नसे. मी मनात म्हणालो, आता बाई मला परत व्हरांड्यात नेणार.

पण बाई लोकांवर वैतागल्या नाहीत, माझ्यावरही नाही. त्या एकेक गोष्ट बदलत गेल्या. मला विटांवर चढवलं, काचेवर पत्र्याची झापड लावली. ‘थांबा, बघतोय’ असं लिहिलेला एक दिवा बसवला; बटण दाबताच तो लागे आणि ठोसे थांबले. गावांची बटणं आधी वर्णमालेप्रमाणं होती. ती त्यांनी रस्त्याप्रमाणं लावली: एका अंगाला कोगनोळी, कागल, कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला संकेश्वर, बेळगाव. वाचता न येणाऱ्यांसाठी फलाटांचे खांब वेगवेगळ्या रंगांनी रंगवून घेतले आणि पुठ्ठ्यांवर त्या त्या रंगाचे पट्टे ओढले. मग लोक माझ्याकडे असे येऊ लागले, जसे पाणवठ्यावर जातात. विचार करावा लागत नसे.

माझं कौतुक काय वर्णू! विड्या वळून दमलेल्या बाया मला ‘बाबा’ म्हणत. आठवडी बाजाराला आलेली म्हातारी माणसं आधी मला नमस्कार करत आणि मग बटण दाबत. “ह्येला काय बी इचारा, कंदी खेकसत न्हाय,” असं एकमेकांना सांगत. त्या दिवसांत बेळगावच्या मखमलीची मला आठवणही होत नसे.

पण माझ्या पोटात बसलेल्या माणसाला ते कौतुक बोचू लागलं होतं.

सत्याप्पा चहाला बाहेर पडला, की हीच माणसं त्याला बघून तोंड फिरवत. त्यात सोनुबाई नावाची एक विडीकामगार बाई होती. तिची लेक मिरजेला दवाखान्यात होती, म्हणून ती वरचेवर मिरजेच्या गाडीची चौकशी करायला येई. एके दिवशी तिनं चहाच्या गाड्यावर सत्याप्पाला गाठलं.

“मिरजंची गाडी आज हाय न्हवं, अण्णा?”

“चा तरी पिऊ दे की! जा, मशिनीला इचार,” सत्याप्पा खेकसला.

“इचारतेच. तुझ्यापरीस त्ये मशीन लई गुणाचं. गप उत्तर देतंय. तुला काय सोनं लागलंय रं?”

सत्याप्पा अर्धा कप तसाच ठेवून माझ्या दारातून आत आला. समोर मिरजेचा दिवा लागलेलाच होता. त्यानं पिवळ्या पट्ट्याचा पुठ्ठा काढून सरकवला. बाहेरून सोनुबाईचा मऊ आवाज आला, “आयुष्य वाढू दे बाबा तुजं.” आत सत्याप्पानं माझ्या फळीवर अशी लाथ हाणली, की बाहेर काच थरथरली. “माजंच उत्तर,” तो पुटपुटला, “आणि आयुष्य ह्या खोक्याचं वाढतंय!”

मला राग आला नाही. त्याचं दुखणं मी ओळखत होतो. वर्षभर मी तेच घेऊन व्हरांड्यात उभा होतो.

आणि माझंही ते दुखणं पुरतं गेलं होतं असं समजू नका. चंदनाबाई बेळगावला जाऊन आल्या की त्यांच्या तोंडी त्याचंच नाव. “अण्णा, आमचा कॉम्प्युटर आता बटणं ओळखायला लागला,” असं त्या सत्याप्पाला हौसेनं सांगत. माझ्यापाशी बसून त्याचं कौतुक! मी लोकांचे ठोसे खायचे, आणि त्यातून आलेलं शहाणपण संध्याकाळच्या गाडीनं त्याच्याकडे जायचं. एकदा जिनदत्त सर आले, माझ्याभोवती फिरले, एका बोटानं रंग खरवडून पाहिला आणि म्हणाले, “बरंय. तात्पुरतं आहे म्हणा.” तो ‘तात्पुरतं’ शब्द देवाप्पाच्या करवतीपेक्षा खोल गेला.

मग तो दिवस उजाडला. डेपोचे साहेब दुपारी स्टँडवर आले. खूश होते. त्यांनी सत्याप्पाला खिडकीमागे बोलावलं. बाई तेव्हा पलीकडे फलाटावर होत्या.

“आयतु, झालं काम सत्याप्पा, झकास चाललंय. खरं मशीन आलं की ही खिडकी बंद करायची. तुझी बदली रायचूरला टाकतोय. जागा हाय तिथं.”

“रायचूर?” सत्याप्पा म्हणाला. “साहेब, पोरगं धावीला हाय. बायकोचं विडीचं काम हितं...”

“अरे, मग मशीन इतकं चांगलं चालवायचं न्हाय!” साहेब आपल्याच विनोदावर हसले आणि निघून गेले.

सत्याप्पा आत येऊन बसला. दिवे लागत होते, तो उठत नव्हता. बाहेर ‘थांबा, बघतोय’ नुसतंच चमकत राहिलं. किती विचित्र अवस्था होती त्या माणसाची! तो जितकं गोड वागेल तितकं यंत्र यशस्वी, आणि यंत्र जितकं यशस्वी तितका तो रायचूरच्या वाटेवर. स्वतःच्या हातानं तो स्वतःला बाहेर ढकलत होता, आणि वाहवा दुसऱ्याची होत होती.

त्यातच सोनुबाई आली. हातात पितळी डबा, काखेत लेकीची लुगडी. “बाबा, उद्या सकाळी लेकीचं आप्रेशन हाय,” ती काचेला म्हणाली, “आजची गाडी चुकवू नगंस.” तिनं मिरजेचं बटण दाबलं.

सत्याप्पाचा हात पिवळ्या पुठ्ठ्याकडे गेला. तिथं थांबला. मग शेजारच्या खणात गेला आणि त्यानं हिरवा पुठ्ठा काढला. हिरवा म्हणजे गारगोटीची गाडी. मिरज एकीकडे आणि गारगोटी अगदी उलट्या दिशेला. पट्ट्याचा रंग त्यानं एकदा नीट बघून घेतला. हे चुकून होत नाही, हे मला कळलं. त्याच्या मनातलंही कळलं: एक चूक, एक बोंबाबोंब, आणि यंत्राचं नाव मातीत. मग कसली बदली न् कसलं काय! आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू? खरं यंत्र आता कधीच येणार नाही, या विचारानं माझ्याही फळ्या क्षणभर सैलावल्या.

पुठ्ठा काचेमागे गेला. सोनुबाईनं हिरवा पट्टा पाहिला, मला हात जोडले आणि ती हिरव्या खांबाकडे चालू लागली. तिला शंका यायचं कारणच नव्हतं. बाबा कधी चुकला होता? हिरव्या खांबाशी गारगोटीची गाडी सुटायच्या बेतात गुरगुरत होती. सोनुबाईनं डबा आधी वर ठेवला आणि दांडीला धरून पाय उचलला.

सत्याप्पा माझ्या फटीतून बघत होता. त्याचा श्वास माझ्या काचेवर साचला. आणि मग भर दुपारी, भरल्या स्टँडवर, यंत्र ओरडलं:

“ए सोनाक्का! थांब गं! ती गाडी न्हवं! ती गारगोटीची हाय!”

आख्खा स्टँड माझ्याकडे वळला. “मशीन बोललं! आरं, मशीन बोललं!” भजी तळणाऱ्याचा झारा हवेतच राहिला. एका म्हातारीनं तर माझ्यापुढे लोटांगण घातलं. पण गाडीच्या घरघरीत सोनुबाईला काही ऐकू गेलं नव्हतं. ती आत शिरली आणि कंडक्टर शामूनं दोरी ओढली. तेव्हा माझं मागचं दार धाडकन उघडून सत्याप्पा बाहेर पडला. घामानं निथळलेला, अनवाणी. गाडीच्या पत्र्यावर थपडा मारत तो बाजूनं पळत सुटला, “शामू, घंटी मार! गाडी थांबीव!” फाटकाशी गाडी थांबली. त्यानं सोनुबाईला हाताला धरून उतरवलं, डबा घेतला आणि पलीकडे पिवळ्या खांबाशी उभ्या असलेल्या मिरजेच्या गाडीत तिला खिडकीजवळ बसवलं.

इकडे माझं दार सताड उघडं होतं. लोक आत डोकावत होते. आत एक स्टूल, पुठ्ठ्यांचे खण, खुंटीवर पंचा आणि जेवणाचा डबा. एकजण खदाखदा हसला, मग सगळे हसले. “आरं, आत मिरची हाय मिरची!” लोटांगण घातलेली म्हातारी धूळ झटकत शिव्या देऊ लागली. पोरांनी माझी सगळी बटणं एकदम दाबली. मला त्या वेळी कोण आठवलं असेल? तोच. त्या कॉम्प्युटरला उघडलं तर आत तारा सापडतात, चकाकते तुकडे सापडतात. मला उघडलं तर सापडला डबा!

सोनुबाई मात्र हसली नाही. खिडकीतून ती सत्याप्पाकडे बघत राहिली.

“म्हंजी इतकं दीस आत तूच व्हतास व्हय रं?”

“व्हय.”

“मग भाईर आसा का वागतोस?”

सत्याप्पानं तिचा डबा खिडकीतून तिच्या मांडीवर दिला. गाडी हलली. तो धुळीत तसाच उभा राहिला.

गर्दी पांगल्यावर चंदनाबाई माझ्याजवळ आल्या. सत्याप्पाही परत आला होता. “अण्णा, पुठ्ठा चुकून गेला ना?”

“चुकून न्हाय बाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “मुद्दाम टाकला.” आणि मग त्यानं बदलीचं, पोराचं, सोनुबाईनं दिलेल्या आशीर्वादाचं, सगळं सांगितलं. “लोक ह्या लाकडाला जीव लावत्यात. आत मी हाय आणि मलाच त्येचा हेवा वाटतोय. माझं डोस्कंच चालंना झालं.”

बाईंनी माझं उघडं दार ओढून लावलं. चिडल्या होत्या. कोण चिडणार नाही? मग म्हणाल्या, “बदलीचं मला ठाऊक नव्हतं. मी विचारायला हवं होतं. मी लोकांकडे बघत बसले आणि आतल्या माणसाकडे बघितलंच नाही. पण अण्णा, त्या बाईच्या लेकीचं उद्या ऑपरेशन आहे. हे साहेबांना तुम्ही स्वतः सांगायचं. मी बरोबर येते.”

ते दोघं साहेबांकडे गेले. मी स्टँडवरच होतो, पण साहेबांचा आवाज तिथवर येत होता. सत्याप्पाला त्यांनी मनसोक्त झापलं. ते दमल्यावर बाईंचा आवाज आला, शांत आणि स्पष्ट: “साहेब, आज माणसानं मुद्दाम चुकवलं. उद्या यंत्र नकळत चुकवेल. गाडी बदलेल, फलाट बदलेल, यंत्राला कुणी सांगणार नाही. ती बाई चुकीच्या गाडीत चढतेय हे सत्याप्पांना फटीतून दिसलं. यंत्र बाईकडे बघणारच नाही. म्हणून त्याच्यावर एक बटण हवं: ‘माणसाला बोलवा’. ते दाबलं की खिडकीत घंटा वाजली पाहिजे. आणि खिडकीत माणूस पाहिजे.”

साहेब कुरकुरले, “माणूस चुको नाहीतर मशीन, शेवटी पब्लिक येणार माझ्याच टेबलावर. लावा घंटा!” रायचूरचा कागद निघालाच नाही.

खरं यंत्र अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर आलं. जिनदत्त सरांनी जीव ओतून केलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. मी ते पाहिलं तेव्हा मला भोवळ आली. बटणं रस्त्याप्रमाणं. काचेवर झापड. खाली चौथरा माझ्या विटांएवढ्याच उंचीचा. ‘थांबा, बघतोय’ हे शब्दसुद्धा तेच, फक्त आता हिरव्या अक्षरांत. माझा एकेक गुण त्यानं अंगावर घातला होता आणि तो मिरवत होता. सरांनी भाषणात चंदनाबाईंचं नाव मोठ्यानं घेतलं, टाळ्या झाल्या. माझं नाव घ्यायला मला नावच नव्हतं. वाईट एवढंच वाटलं असतं तर मी सोसलं असतं. पण ते यंत्र चांगलंही चालत होतं! अडखळत नव्हतं, थकत नव्हतं, लाथा मारत नव्हतं. मत्सर करावा आणि दोष सापडू नये, याच्यासारखी शिक्षा नाही.

त्याहून मोठा घाव घंटेचा. ती वाजली, की सत्याप्पा खिडकीतून उठे आणि त्या यंत्रापाशी जाई. “काय पायजे आक्का? कुटं जायचं?” असं विचारी. आता तो प्रश्न आधी नीट ऐकून घ्यायला शिकला होता. पहिली गाडी चुकली असेल तर न विचारता दुसरी सांगे. हे सगळं तो माझ्या अंधारात शिकला. आता ते तो आपल्या तोंडानं, आपल्या चेहऱ्यानं करत होता, आणि त्याला माझी गरज उरली नव्हती. माझा माणूस दुसऱ्याच्या हाकेला ओ देत होता.

मला बेळगावला परत आणून त्याच व्हरांड्यात उभं केलं. विद्यार्थी माझ्यावर ओल्या छत्र्या टांगत. कुणीतरी माझ्यात मोडक्या खुर्च्या कोंबल्या. मागच्या दाराची बिजागरी गंजली. कुणी विचारलं तर शिपाई सांगे, “काय न्हाय, जुनं कपाट हाय.”

नव्वद साल उजाडायच्या थोडं आधी, एका दुपारी, जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. सत्याप्पा आला होता. डोळ्यांवर चष्मा, पोट सुटलेलं. आणि त्याच्या दोन्ही हातांत, स्वतःच्या घोंगड्यात गुंडाळलेलं, काय होतं? त्या यंत्राचं पुढचं बटणांचं फळकूट. ते बिघडलं होतं म्हणून तो दुरुस्तीला घेऊन आला होता. निपाणीपासून बेळगावपर्यंत त्यानं ते मांडीवर घेतलं होतं! मला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. माझ्या फळ्या चुरचुरल्या.

चंदनाबाई वर्गातून बाहेर आल्या. “अण्णा! बसा, बसा. पोरगा काय करतोय?”

“पास झाला की बाई. हुबळीला शिकतोय.” त्यानं ते फळकूट कुठं ठेवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. “आरं तिच्या! हे अजून हाय?”

त्यानं फळकूट माझ्याच डोक्यावर ठेवलं. माझं गंजलेलं दार ओढून उघडलं, खुर्च्या बाजूला केल्या, आणि आत शिरायला गेला. पोट अडलं. तो आणि बाई दोघं हसले. मग त्यानं नुसता हात आत घातला आणि जिथं त्याची लाथ बसली होती तिथली फळी तळव्यानं चाचपली. मी सुतारकामातली एक वस्तू आहे, मला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं.

ते दोघं चहाला गेले. फळकूट माझ्यावर उघडंच पडलेलं. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. आणि मग मला दिसलं, की त्याची बटणं झिजली होती. ‘कोल्हापूर’मधला ‘को’ पुसला होता. ‘बेळगाव’चं बटण मधोमध खोलगट झालं होतं, जशी देवळाची पायरी होते. मिरजेच्या बटणाला तंबाखूचा तपकिरी डाग कायमचा बसला होता. आणि ‘माणसाला बोलवा’ या बटणावरचं तर एकही अक्षर उरलं नव्हतं. हजारो बोटांनी ते पुसून नेलं होतं.

मित्रांनो, गार हवेचा, नारळाचा, मखमलीचा हेवा मी आयुष्यभर केला. त्या दुपारी तो सगळा गळून पडला आणि त्याच्या जागी एकच हेवा राहिला. तो अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मला त्याच्या झिजेचा हेवा वाटतो.

तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी काही ना काही बनवाल. यंत्र बनवाल, शाळा बांधाल, साधा दरवाजा कराल. तेव्हा ते आधी त्या माणसाच्या हाताखाली देऊन बघा. तो जिथं अडेल तिथं त्याला हसू नका; तिथं तुमचं चुकलेलं असतं. आणि त्यामागे राबणाऱ्या माणसालाही विचारा, तुला काय वाटतं म्हणून. वस्तूंचं म्हणाल, तर आम्हांला पांघरुणाखाली झाकून जपू नका. वापरून जपा. छत्र्या टांगायला खुंट्या आहेत.

मी अजून त्या व्हरांड्यातच आहे. माझी बटणं जवळजवळ कोरी आहेत. जाता येता एखादं दाबून बघा. आत कुणी नाही, पुठ्ठाही यायचा नाही. तरी दाबा.